स्मार्टफोन व रिचार्ज : घरखर्चात बसणारी निवड

बी-बियाणे, खते, औषधे, मजुरी व जनावरांची वैरण ह्यांच्या जोडीला शेतकऱ्याच्या खर्चात अलीकडे एक नवे कलम येऊन बसले आहे. ते म्हणजे मोबाइल फोन व त्याचे रिचार्ज. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली ह्या शहरांदरम्यान झाला. त्यानंतर कित्येक वर्षे येणाऱ्या कॉललाही आकार द्यावा लागे. ही पद्धत २००३ साली बंद झाली. पुढे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि श्रीमंतांच्या चैनीची ही वस्तू खेडोपाडी घरगुती गरजेची बनली. परंतु जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी आपले दर वाढविले आणि हे कलम पुन्हा जाणवू लागले.

हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद करावयाची असते. महाडीबीटीवरील अर्ज, किसान सन्मान निधीची ओळख पडताळणी, बँकेचे व्यवहार ह्या सर्वांस मोबाइल क्रमांकावर येणारा सांकेतिक अंक लागतो. तेव्हा फोन घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न उरलेला नाही. कोणता घ्यावा, त्यात कोणती रिचार्ज योजना घालावी आणि त्यापायी महिन्याकाठी किती पैसे जाऊ द्यावेत, एवढाच प्रश्न आहे. ह्या पाठात त्याचा हिशेब मांडला आहे. पाठातील रकमा हिशेब समजण्यासाठी धरलेल्या आहेत. दर वेळोवेळी बदलतात. रीत मात्र तीच राहते.

मालाडचे उदाहरण कशासाठी?

मालाड हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील ठिकाण. शेतीच्या पत्रिकेत त्याचे काय काम, असे वाचकांस वाटेल. परंतु ह्या एका नावाखाली दोन प्रकारची घरे नांदतात. स्थानकाच्या पूर्वेस कुरारसारख्या वस्त्यांतून कोकण, घाटमाथा व मराठवाडा येथून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे राहतात. त्यांचे आईवडील व जमीन गावी असते आणि गावाकडील रिचार्जही पुष्कळदा मालाडच्या पगारातूनच होते. पश्चिमेस मालवणी, मार्वे, आक्से, एरंगळ, भाटी व मढ ही गावे आहेत. त्यांत मासेमारीवर जगणारी कोळी कुटुंबे आहेत. पहिल्या घराचे उत्पन्न दरमहा ठरलेले, तर दुसऱ्याचे हंगामी. महाराष्ट्रातील बहुतेक शेतकरी घरे ह्या दोहोंपैकी एका प्रकारात येतात. म्हणून हे उदाहरण घेतले आहे.

पहिली पायरी : गरजांची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी घरातील प्रत्येक माणसाचे नाव कागदावर लिहावे व त्यापुढे तो फोनचा उपयोग कशासाठी करतो हे मांडावे. असे केल्यास घरातील माणसांचे तीन वर्ग पडतात.

(१) केवळ बोलणारे. घरातील वृद्ध मंडळी पुष्कळदा ह्या वर्गात येतात. त्यांस स्मार्टफोनची गरज नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत साध्या फोनवरूनही लागतो व मराठीत सल्ला मिळतो. साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सोय *९९# ह्या क्रमांकाने, तसेच मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे ह्या पद्धतीने होते.

(२) थोडा डेटा लागणारे. पिकाची नोंद करणे, ‘मेघदूत’वर हवामानाचा सल्ला व ‘दामिनी’वर विजेची सूचना पाहणे, बाजारभाव विचारणे, अधूनमधून छायाचित्र पाठविणे एवढीच ज्यांची कामे आहेत, ते ह्या वर्गात येतात.

(३) रोज डेटा लागणारे. ज्यांचे काम, शिक्षण किंवा धंदा फोनवर चालतो ते ह्या वर्गात येतात.

सर्वसाधारणपणे असे आढळते की, घरातील सर्व फोनांवर एकच योजना मारली जाते. थोरल्या मुलाने जी घेतली तीच आईच्या फोनवर व आजोबांच्या फोनवरही. दुष्काळी जमिनीस व बागायतीस सारखेच पाणी सोडण्यासारखा हा प्रकार आहे. घरातील फोनचा खर्च वाढण्याचे हे पहिले कारण होय.

केवळ बोलणाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून प्रत्येक कंपनीने निदान एक योजना केवळ बोलणे व संदेश ह्यांपुरती ठेवावी असे ठरविले आणि अशा विशेष योजनांची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मुभा दिली. दुकानदार ही योजना आपण होऊन सांगेलच असे नाही. ती नाव घेऊन मागावी.

दुसरी पायरी : अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे

रिचार्जच्या पुष्कळ योजना २८ दिवसांच्या असतात. घरखर्च मात्र आपण महिन्यावर मांडतो. वर्षाचे ३६५ दिवस २८ने भागले असता १३ भाग पडून १ दिवस उरतो. म्हणजे जो शेतकरी दर महिन्यास ३०० रुपये खर्च होतात असे समजतो, त्यास वर्षात १२ नव्हे तर १३ वेळा ३०० रुपये द्यावे लागतात. वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० होतो व महिन्याचा खरा खर्च ३२५ रुपये पडतो.

ह्या तक्रारीची दखल घेऊन नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये असा आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची व एक दर महिन्यास त्याच तारखेला नूतनीकरण होणारी अशी उपलब्ध करून द्यावी. पगारदार कुटुंबास ही दुसरी योजना हिशेबास सोपी जाते. तथापि ती स्वस्त असेलच असे नाही.

योजनांची तुलना करण्याचे एकच खरे माप आहे : योजनेची किंमत भागिले दिवस. उदाहरणार्थ, तीन योजनांत रोजचा डेटा सारखाच असून किमती पुढीलप्रमाणे आहेत असे समजू.

२८ दिवसांची योजना, रु. ३०८ : रोज रु. ११
८४ दिवसांची योजना, रु. ८४० : रोज रु. १०
३६५ दिवसांची योजना, रु. ३,२८५ : रोज रु. ९

पहिल्या योजनेने वर्षात १३ वेळा मिळून रु. ४,००४ जातात, तर तिसऱ्या योजनेने रु. ३,२८५. बचत रु. ७१९. येथे एक सावधगिरी घ्यावी. पैसे हाताशी असतील तरच वर्षाची योजना परवडते. तीच रक्कम दरमहा दरशेकडा ३ रुपये व्याजाने सावकाराकडून उचलली व वर्षअखेर फेडली, तर व्याजच रु. १,१८३ होते. सातशे रुपये वाचविण्यासाठी अकराशे रुपये घालविणे हा शहाणपणा नव्हे. अशा वेळी ८४ दिवसांची योजना मध्यम मार्ग म्हणून घ्यावी.

लांब मुदतीची योजना घेण्यापूर्वी आपल्या ठिकाणी त्या कंपनीचे जाळे चांगले आहे, ह्याची एका लहान योजनेने परीक्षा पाहावी. घराच्या आत, शेतात व बांधावर फोन लावून पाहावा. २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेच्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावयाचे असतात, तेही पाहावेत. परंतु नकाशापेक्षा स्वतःच्या शेतातील अनुभव अधिक विश्वसनीय मानावा. शेजाऱ्याकडे कोणत्या कंपनीचे सिम चालते, हे विचारण्यास काही खर्च येत नाही.

तिसरी पायरी : डेटाचे माप ओळखणे

पाणी जसे लिटरमध्ये, तसा डेटा एमबी व जीबीमध्ये मोजतात. एक जीबी म्हणजे सुमारे एक हजार एमबी. कोणत्या कामास किती डेटा लागतो, ह्याचे ठोकळ मान पुढीलप्रमाणे आहे.

लिखित संदेश : अगदी नगण्य
एक छायाचित्र : २ ते ५ एमबी
इंटरनेटवरून एक मिनिट बोलणे : अर्धा ते एक एमबी
कमी प्रतीच्या चित्रणाची चित्रफीत, एक तास : सुमारे ३०० एमबी
उत्तम प्रतीच्या चित्रणाची चित्रफीत, एक तास : १ जीबीहून अधिक

ह्यावरून असे दिसेल की, खरा डेटा चित्रफितीच खातात. हवामान पाहणे, पिकाची नोंद करणे, बँकेचे काम करणे ह्या शेतीच्या कामांना महिन्यात एकदोन जीबी पुष्कळ होतात. रोज २ जीबी देणाऱ्या योजनेत २८ दिवसांत ५६ जीबी मिळतात खरे. पण त्या दिवशी न वापरलेला डेटा बहुतेक योजनांत मध्यरात्री लयास जातो. रोज ३०० एमबी वापरणारा माणूस अशा योजनेतील सहा हिश्श्यांपैकी पाच हिस्से वाया घालवितो.

आपला वापर किती आहे हे अंदाजाने ठरवू नये. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा वापर’ ह्या सदराखाली महिन्याचा आकडा व कोणत्या ॲपने किती डेटा घेतला हे दिसते. तो आकडा वहीत लिहावा आणि मग योजना निवडावी.

डेटा वाचविण्याचे चार साधे उपाय आहेत. व्हॉट्सॲपमधील छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरविण्याची सोय बंद करावी. चित्रफितीची प्रत कमी ठेवावी. ॲपचे नवे आवर्तन केवळ वाय-फायवर उतरेल अशी योजना करावी. फोनमधील ‘डेटा बचत’ ही कळ चालू ठेवावी. सार्वजनिक वाय-फाय मिळत असल्यास पाठ्यचित्रफिती तेथे उतरवून घ्याव्यात. मात्र त्यावरून बँकेचा व्यवहार करू नये.

रोजचा डेटा संपल्यावर कित्येक योजनांत वेग अतिशय मंद होतो. संदेश कसाबसा जातो, चित्रफीत चालत नाही. अशा वेळी मोठी योजना घेण्याची घाई न करता, महिन्यातून असे किती वेळा होते हे पाहावे. एकदोन वेळाच होत असेल, तर त्या दिवसापुरते लहानसे डेटा रिचार्ज घेणे स्वस्त पडते.

चौथी पायरी : फोनची निवड

फोनची किंमत एकदा द्यावी लागते, रिचार्जची वर्षात तेरा वेळा. नऊ हजारांचा फोन तीन वर्षे वापरला तर महिन्यास २५० रुपये पडतात. त्याच तीन वर्षांत २८ दिवसांस ३०० रुपयांच्या रिचार्जचे ११,७०० रुपये होतात. यास्तव स्वस्त फोन घेऊन महागड्या योजनेत पडणे हा तोट्याचा सौदा होय. त्याचप्रमाणे तीन वर्षे टिकणार नाही असा फार हलका फोन घेणे हेही फायद्याचे नाही. सहा हजारांचा फोन दीड वर्षात निकामी झाला, तर तो महिन्यास ३३३ रुपयांस पडतो. म्हणजे नऊ हजारांच्या फोनपेक्षा तो महागच ठरतो.

शेतकऱ्याच्या कामास उपयोगी फोनमध्ये पुढील गोष्टी पाहाव्यात.

बॅटरी : ५,००० एमएएच किंवा अधिक. वीज अनियमित असलेल्या गावी ह्या बाबीस अग्रक्रम द्यावा.

स्मृती व साठवण : कामाची स्मृती निदान ४ जीबी व साठवण निदान ६४ जीबी असावी. ह्याहून कमी असल्यास ॲप अडखळतात व वर्षभरातच फोन भरून जातो.

सुरक्षा सुधारणा : अँड्रॉइडची आवृत्ती कोणती व सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षे मिळतील, हे विचारावे. सुधारणा बंद झालेल्या फोनवर काही काळाने बँकेची ॲप चालेनाशी होतात.

पडदा : दुकानातील दिव्याखाली सर्वच पडदे चांगले दिसतात. फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन अक्षरे वाचता येतात का, हे पाहावे.

जाळे : ४जी व त्यावरून बोलण्याची सोय असलेला फोन आज पुरेसा आहे. ५जी सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आपल्या गावी ती पोचली असेल व किमतीत फारसा फरक नसेल, तर ५जी फोन घ्यावा. केवळ नावासाठी जादा पैसे देऊ नयेत. काही कंपनीचे जाळे केवळ ४जी व ५जी आहे. जुना २जी साधा फोन त्यावर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पाण्यापासून बचाव : पेटीवर ‘आयपी’ अशी अक्षरे व पुढे दोन अंक असतात. दुसरा अंक पाण्याविषयीचा असून तो जितका मोठा तितका बचाव अधिक. तथापि ही परीक्षा गोड्या पाण्यात घेतलेली असते. खाऱ्या पाण्यास ती लागू समजू नये.

दुरुस्ती : त्या कंपनीचे सेवा केंद्र तालुक्याच्या ठिकाणी आहे की नाही, हे आधी विचारावे. दुरुस्तीसाठी जिल्ह्यास दोन खेपा घालाव्या लागल्या, तर वाचविलेले पैसे प्रवासात जातात.

जुना फोन घ्यावयाचा असल्यास मूळ बिल मागून घ्यावे. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. पडद्यावरील, पेटीवरील व बिलावरील क्रमांक एकच असला पाहिजे. इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, मग मोकळी जागा व पुढे हा क्रमांक लिहून १४४२२ ह्या क्रमांकावर संदेश पाठविल्यास फोनची माहिती कळते. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ ह्या सरकारी संकेतस्थळावरही ही सोय आहे. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन स्वस्तात मिळाला, तरी तो उपयोगी पडत नाही व घेणाऱ्यावर बालंट येते.

रोखीने की हप्त्याने?

‘बिनव्याजी हप्ता’ ही पाटी पाहून पुष्कळ लोक भुलतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तुतः काही गोष्ट नसते. व्याज कोठेतरी किमतीत किंवा शुल्कात मिसळलेले असते. ग्राहकाने दुकानदारास एकच प्रश्न विचारावा : “आज रोख दिले तर किती घ्याल?” समजा, रोखीने फोन ११,००० रुपयांस मिळतो आणि हप्त्याने दरमहा १,००० प्रमाणे १२ हप्ते व ३०० रुपये शुल्क पडते. म्हणजे ११,००० च्या वस्तूस १२,३०० रुपये दिले. वरचे १,३०० रुपये हे व्याजच होय, मग त्यास नाव काहीही असो.

ह्यापेक्षा जुना फोन आणखी सहा महिने चालवावा व दरमहा ठरावीक रक्कम बचत गटात किंवा टपालाच्या खात्यात बाजूस टाकावी. फोन अगदीच निकामी झाला असेल, तर तेवढ्यापुरता साधा फोन घ्यावा व पिकाचे पैसे हाती आल्यावर स्मार्टफोन खरेदी करावा.

दरमहा उत्पन्नाच्या घराचा ताळेबंद

मालाड पूर्वेस राहणारे एक कुटुंब कल्पू. घरधनी नोकरीस, पत्नी घरी शिवणकाम करते, मुलगा शाळेत. चिपळूण तालुक्यात आईवडील असून थोडी भातशेती आहे. मालाडचे मासिक उत्पन्न २४,००० रुपये. त्यातून खोलीचे भाडे, शाळेचा खर्च व गावी पाठविण्याची रक्कम वजा जाते. चार फोन. चारही फोनांवर रोज २ जीबीची, २८ दिवसांस ३३६ रुपयांची एकच योजना.

आजचा खर्च : प्रत्येक फोनास रोज रु. १२, चार फोनांस रोज रु. ४८. वर्षास रु. १७,५२०, म्हणजे महिन्यास रु. १,४६०.

हा आकडा किती मोठा आहे हे कळण्यासाठी एक तुलना करू. किसान सन्मान निधीतून पात्र शेतकरी कुटुंबास वर्षास केंद्राकडून ६,००० रुपये मिळतात. ह्या घरातील चार फोनांचे रिचार्ज त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे.

आता गरजांच्या नोंदीप्रमाणे योजना बदलू.

घरधनी, रोज डेटा, ८४ दिवसांची योजना : रोज रु. १०
पत्नी, रोज डेटा, मुलाचा अभ्यासही ह्याच फोनवर : रोज रु. १०
वडील, थोडा डेटा, पिकाची नोंद व हवामान : रोज रु. ७
आई, साधा फोन, केवळ बोलणे : रोज रु. ५

एकूण रोज रु. ३२. वर्षास रु. ११,६८०, म्हणजे महिन्यास सुमारे रु. ९७३. वर्षाची बचत रु. ५,८४०. बोलणे कोणाचेही कमी झाले नाही व मुलाचा अभ्यासही बुडाला नाही.

फोन व रिचार्ज मिळून खर्च उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत ठेवावा, असे प्रमाण आम्ही सुचवितो. ह्या घरास ते १,२०० रुपये येते. रिचार्जचे ९७३ वजा जाता २२७ रुपये उरतात. ते दरमहा बाजूस ठेवल्यास तीन वर्षांत रु. ८,१७२ जमतात. म्हणजे दर तीन वर्षांनी सुमारे आठ हजारांचा एक नवा फोन रोखीने घेता येतो, व चालू स्थितीतील जुना फोन गावी वडिलांकडे देता येतो. देण्यापूर्वी त्यातील बँकेची ॲप व खासगी माहिती पुसून टाकावी.

आणखी एक बाब. दूरसंचार सेवेत मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा हे दुसरे क्षेत्र आहे. मालाडला घेतलेले सिम गावी चालते; पण योजना घेताना दुसऱ्या क्षेत्रात जादा आकार आहे काय, हे वाचून घ्यावे. जी व्यक्ती कायम गावी राहते, तिचा क्रमांक गावी ज्या कंपनीचे जाळे चांगले आहे तिचाच असावा.

हंगामी उत्पन्नाच्या घराचा विचार

मढ किंवा भाटी येथील कोळी घरात पैसा महिन्यावर येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ह्या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांनी मासेमारी बंद असते. त्या काळात उत्पन्न थांबते. रिचार्ज मात्र थांबत नाही. अशा घराने मे महिन्याच्या मध्यास, हातात पैसा असताना, ८४ दिवसांची योजना घ्यावी. १५ मे रोजी घेतलेली योजना ६ ऑगस्टपर्यंत पुरते, म्हणजे संपूर्ण बंदीचा काळ ओलांडते. शेतकऱ्यांनीही हाच धडा घ्यावा. भात, सोयाबीन किंवा कापूस विकून पैसे आले की, खते-बियाण्यांच्या रकमेबरोबर रिचार्जचीही रक्कम काढून ठेवावी व उन्हाळ्यातील ओढगस्तीचे महिने आधीच झाकून घ्यावेत.

मच्छीमार बांधवांनी एक गोष्ट विसरू नये. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलचे जाळे तुटते. हवामान खात्याचा इशारा व हैदराबाद येथील सागरी माहिती केंद्राची मत्स्यक्षेत्रांची सूचना निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी. कितीही महाग फोन घेतला, तरी तो बिनतारी संच व जीवरक्षक जाकीट ह्यांची जागा घेऊ शकत नाही. ह्या दोन वस्तूंचे पैसे फोनवर खर्च करू नयेत. संकटकाळी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

क्रमांक सांभाळणे

पैसे वाचविण्याच्या भरात रिचार्ज अजिबात बंद करण्याची चूक होऊ नये. मोबाइल क्रमांक आज आधार, बँक व सरकारी योजना ह्यांस जोडलेला असतो. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर क्रमांक बंद होऊ शकतो व पुढे तो दुसऱ्या माणसास दिला जातो. मग अनुदानाचा सांकेतिक अंक परक्याच्या फोनवर जाण्याची वेळ येते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असल्यास, ती रक्कम कापून घेऊन क्रमांक आणखी ३० दिवस चालू ठेवण्याची तरतूद आहे. क्रमांक बदललाच, तर प्रथम आधार केंद्रात व बँकेत नवा क्रमांक नोंदवावा.

कंपनीची सेवा समाधानकारक नसल्यास क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मोकळी जागा व आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवावा. त्यावर आलेला संकेत नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा. त्याच क्षेत्रात हे काम साधारणपणे तीन कामकाजाच्या दिवसांत व दुसऱ्या क्षेत्रात पाच दिवसांत होते.

न मागितलेली सेवा सुरू होऊन पैसे कापले जात असल्यास १५५२२३ ह्या क्रमांकावरून ती बंद करावी. फोन किंवा दुकानदाराविषयी तक्रार असल्यास ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. फसवणुकीने पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे. सांकेतिक अंक कोणासही, बँकेचा अधिकारी म्हणविणाऱ्यासही, सांगू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ व्याख्यानाने शिकविण्यासारखा नाही; तो वहीत करून दाखवावा. गावातील दहा कुटुंबांस आपापले फोन घेऊन बोलवावे. प्रत्येकाने सेटिंग्जमधून महिन्याचा डेटा वापर काढावा, चालू योजनेची किंमत दिवसांनी भागावी व घरातील सर्व फोनांची वर्षाची बेरीज करावी. हा आकडा ज्याचा त्यानेच काढलेला असावा. कार्यकर्त्याने कोणत्याही एका कंपनीची शिफारस करू नये. रीत शिकवावी व निवड त्या त्या घरावर सोपवावी. घरातील स्त्रियांस ह्या बैठकीस अवश्य बोलवावे, कारण घरखर्चाचा मेळ बहुधा त्याच घालतात आणि स्वस्त योजना आपल्याच फोनवर टाकली जाईल काय, हे विचारण्याचा अधिकारही त्यांचा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) २८ दिवसांस २८० रुपयांची योजना व ८४ दिवसांस ७९८ रुपयांची योजना ह्यांपैकी कोणती स्वस्त पडते? वर्षास किती फरक पडतो?

(२) आपल्या घरात केवळ बोलण्यापुरता फोन वापरणारे कोण आहेत? त्यांच्या फोनवर आज कोणती योजना आहे?

(३) मागील महिन्यात आपण किती जीबी डेटा वापरला व किती जीबीचे पैसे दिले?

(४) आपल्या घराच्या मासिक उत्पन्नाचा विसावा हिस्सा किती? फोन व रिचार्जचा खर्च त्याच्या आत आहे काय?

(५) आपल्या आधार व बँक खात्यास जोडलेला क्रमांक आज चालू आहे काय? नसल्यास हा पाठ वाचून झाल्यावर पहिले काम तेच करावे.